अमेरिकेचा अकरा, आपला शून्य

“समोरचा मुलगा लोकर आणतोय गं.”

काकूंनी भिंतीवरून ही बातमी टाकली आणि मी निवडत असलेली मेथी तशीच राहिली. आमच्या आणि काकूंच्या बंगल्यामध्ये कंपाउंडची छातीएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूला बांधकामाच्या वेळचा एक सिमेंटचा ठोकळा पडलेला आहे. पाणी आलं नाही, सिलेंडरवाला येऊन गेला, असल्या गोष्टी काकू जमिनीवरूनच सांगतात. ठोकळ्यावर चढल्या की समजायचं, माल वेगळा आहे.

“समोरचा म्हणजे तो भाडेकरू?”

“दुसरा कोण? काल गेटपाशी पिशवी फाटली त्याची. गुंडे घरंगळले रस्त्यावर. सात होते, मोजले मी. आमची मनी एक तोंडात धरून पळाली, तर हा अनवाणी तिच्या मागे.”

“विणून घेत असेल कुणाकडून.”

“आता विणणारं उरलंय कोण? या गल्लीतला शेवटचा स्वेटर मी विणला, धाकट्या नातवाच्या बाळंतविड्यातला. तो नातू आता दहावीला आहे.” काकूंनी आवाज खाली आणला. “मुलगी असणार. ती विणते, हा लोकर पुरवतो.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण लोकर माझ्याही कपाटात होती, आठ दिवसांपासून, साड्यांच्या मागे. कुणाला सांगायची लाज वाटत होती, कारण चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा सुया हातात घेतल्या होत्या आणि त्यावर एक ओळसुद्धा पुढे सरकत नव्हती.

“काकू, लोकर माझ्याकडेही आहे.”

“तुझ्याकडे? तू बटण लावायला माझ्याकडे येतेस.”

तर झालं होतं असं. न्यूजर्सीच्या माझ्या भाचीने स्वतः विणलेल्या कार्डिगनचा फोटो पाठवला होता. ढगळ, जाडजूड, पुढून उघडं, अंगात घातलं की पांघरूण घेऊन फिरल्यासारखं. वर लिहिलं होतं, मावशी, अगदी सोपं आहे, नवशिक्यांचंच आहे, जाड लोकर घे आणि अकरा नंबरच्या सुया. मी मेन रोडला गेले, जाड लोकर घेतली, अकरा नंबरच्या सुया मागितल्या. दुकानदाराने लोकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुया दिल्या. मी अकरा मागितल्या, बिचाऱ्याने अकरा दिल्या.

घरी येऊन टाके घातले. घातले म्हणजे कोंबले. करंगळीएवढी लोकर आणि उदबत्तीच्या काडीएवढी सुई. दुसरी सुई टाक्यात शिरेना. शिरली तर धागा दुभंगून शिरायची. तीन संध्याकाळी मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले आणि चौथ्या दिवशी साड्यांच्या मागे ढकललं.

“आण इकडे,” काकू म्हणाल्या.

मी आणलं. त्यांनी भिंतीवर ठेवून बघितलं आणि त्या इतक्या हसल्या की ठोकळ्यावरून खाली उतरल्या. घरात जाऊन एक टिनची पट्टी घेऊन आल्या. पट्टीला ओळीने भोकं, मोठ्यापासून बारीकपर्यंत, आणि प्रत्येक भोकाशी आकडा. जे भोक सुईला बेताचं बसेल तो तिचा नंबर. कडेचे आकडे हातांनी घासून अर्धे गेलेले, पण काकूंना त्यांची गरज नव्हती.

“हे बघ. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक. बारा नंबर बारीक, दहा त्याहून जाड, आठ आणखी जाड. तुझी अकरा म्हणजे तीन मिलिमीटर. यावर तलम लोकरीचं तान्ह्या बाळाचं टोपरं होतं. हा दोरखंड नाही विणला जात.”

“पण तिने अकराच सांगितलं.”

“तिच्या देशात उलटं असेल.”

काकू अमेरिकेला कधी गेलेल्या नाहीत, पण नेमकं तसंच होतं. रात्री भाचीला फोनवर मिलिमीटरमध्ये विचारलं. तिच्या अकरा नंबरच्या सुया निघाल्या आठ मिलिमीटरच्या. पट्टीवर आठ मिलिमीटरचं भोक कुठलं, तर शून्य नंबरचं. अमेरिकेचा अकरा म्हणजे आपला शून्य. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, “तारेचा गेज तसाच असतो. बावीस गेजची तार अठरापेक्षा बारीक.” ह्यांना हे आधीपासून माहीत होतं, फक्त मी विचारलं नव्हतं. असो. तुम्ही विणायला बसणार असाल तर नंबर विसरा आणि सुईच्या टोपीवर छापलेले मिलिमीटर बघा. पाकिटावर बघा. तिथेही नसतील तर काकूंची पट्टी आहे.

आता शून्य नंबरच्या सुया आणायच्या कुठून हा प्रश्न. दुकानात त्या मापाच्या नव्हत्या, मागवाव्या लागतील म्हणाले. आणि मग रविवारी सकाळी काकूंनी ठोकळ्यावर चढून अशी हाक मारली, की मला वाटलं कुठे आग लागली.

“तोच विणतोय गं! स्वतः! गॅलरीत बसून!”

खरंच विणत होता. कानात गाणी, पाय कठड्यावर, आणि हात खाली न बघता चाललेले. आम्ही दोघी भिंतीपाशी उभ्या राहून बघत होतो, पाच एक मिनिटं तरी. मग काकूंना राहवलं नाही. त्या हिंदीत ओरडल्या, “बेटा, तुमको ये किसने सिखाया?”

मुलगा अल्मोड्याचा. तिकडे थंडीत बायका उन्हाला बसून विणतात, आईशेजारी बसून हाही शिकला. ऑफिसच्या मीटिंगा ऐकताना विणतो म्हणे, झोप येत नाही. मुलगीबिलगी कुणी नव्हती. काकूंचा चेहरा थोडा पडला, पण लगेच उजळला, कारण आता विणकामाच्या गप्पा मारायला कॉलनीत माणूस मिळालं होतं. तो म्हणे ‘फंदा’, या म्हणत ‘टाका’. तो ‘सीधा फंदा’, या ‘सुलट टाका’. तो सलाई, या सुई. दहा मिनिटांत दोघांचा शब्दकोश जुळला आणि मी तिथे उभी आहे हे दोघेही विसरले.

त्याच्याकडे आठ मिलिमीटरची गोल सुई होती, म्हणजे दोन टोकं आणि मध्ये लवचीक तार. मला वाटलं ही फक्त टोप्या-मोज्यांसाठी. तर नाही. जाड लोकरीचं वजन वाढत जातं, सरळ सुयांवर ते सगळं मनगटावर येतं. तारेच्या सुईवर ते मांडीत पडून राहतं. सरळच विणायचं, ओळ संपली की उलटायचं. त्याने ती मला देऊन टाकली, काकूंनी त्याला डिंकाचे लाडू दिले. हा व्यवहार मला फार आवडला, कारण यात माझं काहीच गेलं नाही.

काकूंचा मात्र त्या जाड लोकरीवर राग होता. “हे स्वेटर आहे की घोंगडी?” घोंगडीचा तसा अपमान नको. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिचं घोंगडं वर्षानुवर्षं टिकतं, पाऊसही अडवतं, पण उघड्या मानेला लागलं की माणूस खाजवून बेजार. अंगालगतच्या कपड्याला ती चालत नाही. काकूंचा खरा आक्षेप वेगळा होता. जाड लोकर म्हणजे आळशी लोकांचं विणकाम, असं त्यांचं मत. बारा नंबरवर दीडशे टाक्यांची पाठ विणलेली बाई ती.

“1962 च्या युद्धात आमच्या आईने जवानांसाठी स्वेटर-मोजे विणले,” त्या म्हणाल्या. “मी अकरा वर्षांची. हिरवट खाकी लोकर घरात यायची. संध्याकाळी आईच्या सुयांचा आवाज आणि रेडिओ. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री होऊन गेले, मग आपल्या नाशकातूनच बिनविरोध निवडून आले ना लोकसभेवर, 63 साली. आई म्हणायची, ते गेले ते गेले, माझे मोजे आधी पोचले.”

“तेव्हाही जाड लोकर असती तर जास्त स्वेटर झाले असते,” मी म्हटलं.

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास भिंतीच्या अलीकडे आला. उरलेल्या लोकरींचे गुंडे निघाले, नेहमीच्या जाडीचे, एक राखाडी, एक मोरपंखी, एक मनुकांच्या रंगाचा. “जाड लोकर विकत कशाला घ्यायची? तीन धागे एकत्र धर. झाली जाड.” माझी दुकानातली जाड लोकर त्यांनी पायपुसण्यासाठी राखून ठेवायला सांगितली. तीन रंग एकत्र विणले की जे होतं ते रंगवून येत नाही, जवळून तीन, लांबून एकच, पावसाळी आभाळासारखा.

सगळं मिळून जेमतेम किलोभर लोकर लागली. ट्रंकेतल्या तिन्ही रंगांचे गुंडे पुरले नाहीत, राखाडी आणखी आणावी लागली. तुम्ही नवीन घेणार असाल तर सगळी एकदम घ्या. रंगाचा घाणा दुसरा लागला तर दिव्याखाली कळत नाही, उन्हात पाठीवर पट्टा दिसतो.

आता प्रत्यक्ष विणण्याचं. काकूंनी आधी नमुना विणायला लावला. मी कुरकुरले. पंधरा टाके घाल, वीतभर विण, मग पट्टी ठेव. माझ्या चार इंचांत तेरा टाके बसले. “घट्ट हात. मुठी आवळून विणतेस, भांडल्यासारखी. पुन्हा.” दुसऱ्या वेळी अकरा. मग शाळेतलं त्रैराशिक. चार इंचांना अकरा टाके, तर चोवीस इंचांच्या पाठीला किती? सहासष्ट. आणि तेच सहासष्ट टाके मी घट्ट हाताने, चारला तेराच्या हिशेबाने विणले असते तर पाठ भरली असती जेमतेम सव्वावीस इंच. मी मनात म्हटलं, बरं झालं कुरकुरून थांबले.

टाके घालताना दोन्ही टोकं एकत्र धरून घातले, म्हणजे खालची कड आवळत नाही. आणि मग फक्त सुलट. इकडून सुलट, उलटून पुन्हा सुलट. याला भाची काहीतरी इंग्रजी नाव सांगत होती, काकू म्हणतात “सुलट-सुलट”. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं तर कापड गुळगुळीत येतं, पण कडा गुंडाळत जातात, तेलात पडलेल्या पापडासारख्या. सुलट-सुलटमध्ये कापड आपलं सपाट पडतं, दोन्ही बाजू सारख्या, बॉर्डर वेगळी विणायला नको. दोन ओळी झाल्या की एक कंगोरा उठतो. ओळी मोजायच्या नाहीत, कंगोरे मोजायचे. सव्वीस इंचांच्या पाठीला माझे अडुसष्ट झाले. सगळ्या पाठीचे टाके नऊ हजारांच्या आत! मी हा आकडा काकूंना सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, “हिशेब करायला जितका वेळ गेला त्यात दोन कंगोरे झाले नसते?”

एक भानगड मात्र झाली आणि ती मला वाटतं सगळ्यांचीच होते. विसाव्या कंगोऱ्याला टाके मोजले तर एकोणसत्तर. घातले होते सहासष्ट. तीन टाके कुठून आले? मी एकही वाढवला नव्हता. काकूंनी विणकाम हातात घेतलं, चष्मा वर सरकवला, कडेवर बोट फिरवलं. “हे बघ. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढतेस. मग पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन दिसतात. तू दोघांना विणतेस.” दोनदा तसं झालं होतं. तिसरीकडे तीन धाग्यांतला एक सुटा पडला होता, त्यालाच मी टाका समजले होते. उपाय सोपा. सुरुवातीला धागा खालीच धरायचा, आणि पहिला टाका न विणता नुसता उचलायचा, कडही साखळीसारखी येते.

“आता हे वाढलेले तीन?” मी विचारलं.

“उसव.”

“दोन-दोन एकत्र विणून कमी केले तर?”

“चालेल. पण मला दिसेल.”

उसवलं. आठ कंगोरे. मनी तेवढा वेळ मांडीवर बसून वर येणाऱ्या धाग्याकडे बघत होती.

पुढचे दोन भाग प्रत्येकी तीस टाक्यांचे, उंची पाठीइतकीच, गळ्याला काहीही आकार नाही. हे मला पटेना. गळा न कापता कसं? तर खांद्याला प्रत्येक बाजूचे चोवीस टाके पाठीशी शिवायचे. मध्ये पाठीचे अठरा उरतात, तो मागचा गळा, साधारण साडेसहा इंच. पुढच्या भागाचे सहा-सहा टाके मोकळे राहतात, ते आपसूक बाहेर उलटतात आणि कॉलरसारखे पडतात. कात्री नाही, टाके कमी करणं नाही. गुंड्या नाहीत म्हणून काजंही नाहीत. नवशिक्या बाईचं निम्मं रडं इथेच संपतं.

बाह्यांनी मात्र मला धडा दिला. माझ्या जुन्या स्वेटरची बाही मोजली, वीस इंच. तेवढी विणली. शिवून बघितली तर हात दिसेना. कारण ढगळ कपड्याचा खांदा खांद्यावर थांबतच नाही, दंडावर उतरतो. बाही तिथून सुरू होते. सोळा इंच पुरे होती. मनगटाशी अठ्ठावीस टाके, दर सहा ओळींनी दोन्ही कडांना एकेक वाढवत पन्नासपर्यंत, मग थोडं सरळ. मी परत चार इंच उसवलं. काकू तेव्हा पुतणीच्या साखरपुड्याची साडी दाखवायला आल्या होत्या, त्यांनी ती भिंतीवर पसरली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मला विचारलं असतंस.” विचारायला हवं होतं. साडी छान होती, पण काठ जरा भडक.

त्या रविवारी भिंतीपाशी चहा झाला. आमचे हेही आले, भाडेकरूही. ह्यांनी संधी साधली. “कार्डिगन हे माणसाचं नाव आहे, माहीत आहे का? इंग्रजांचा सरदार, अर्ल ऑफ कार्डिगन. क्रिमियन युद्धात बालाक्लावाच्या लढाईत त्याने तोफांच्या तोंडी घोडेस्वार घातले, 25 ऑक्टोबर 1854. त्याच्यावरून हे पुढून उघडं जाकीट.”

“आणि ते बालाक्लावा?” काकूंनी विचारलं.

“गाव. त्याच्यावरून टोपी. आपली माकडटोपी.”

काकूंनी कप खाली ठेवला. “म्हणजे स्वेटर आणि माकडटोपी एकाच लढाईतनं आले?”

“आणि रॅगलन बाहीसुद्धा. लॉर्ड रॅगलन त्याच युद्धात इंग्रजी फौजेचा सेनापती. वॉटर्लूला त्याचा उजवा हात गेला होता.”

काकू जन्मभर रॅगलन बाह्या विणत आल्या आहेत. आजपर्यंत त्यांना ती एखादी विणीची पद्धत वाटत होती. “एक हात नसलेल्या माणसाच्या नावाची बाही,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ कुणाशी बोलल्या नाहीत. मग भाडेकरूकडे वळून विचारलं, “बेटा, तुम्हारे यहाँ ठंड में कितना गिरता है?” पारा किती उतरतो, असं त्यांना म्हणायचं होतं. त्याने बर्फाचं सांगितलं. काकूंनी त्याला निफाडच्या थंडीचं सांगितलं.

शिवण वेगळ्या धाग्याने नको, तीनपैकी एकाच धाग्याने घाला. नवा गुंडा जोडताना मध्ये गाठ मारू नका, ओळीच्या कडेला जोडा आणि टोकं वीतभर ठेवून मग शिवणीत लपवा. गाठ पाठीला टोचत नाही, पण पहिल्या धुण्यात मोकळी होते. एखादा टाका निसटला तर घाबरून सुई ओढू नका, क्रोशाच्या सुईने शिडीसारखा वर आणता येतो. आणि शिवण झाल्यावर इस्त्री करावीशी वाटेल. करू नका. लोकर सिंथेटिक असेल तर गरम इस्त्रीखाली तिचा जीवच जातो, लोळागोळा होते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी कार्डिगन झालं. पहिला मान काकूंचा. त्यांनी पातळावर चढवलं, दोन्ही बाह्या दुमडल्या, खिसे शोधले.

“खिसे नाहीत?”

“सांगितलं नव्हतंत.”

“चष्मा कुठे ठेवायचा?” काकू ते घालून दूध आणायला गेल्या. वाटेत तिघींनी विचारलं, कुठून घेतलं. काकूंनी सांगितलं, “मी विणलं.” मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते, काही बोलले नाही. ट्रंक त्यांची होती.

धुणं मी केलं. कोमट पाणी, थोडा शाम्पू, चोळायचं नाही, पिळायचं नाही. ओल्या जाड विणकामाचं वजन किती होतं हे उचलल्याशिवाय कळत नाही. दोरीवर टाकलं असतं तर गुडघ्यापर्यंत लोंबलं असतं. म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, पाणी काढलं, आणि गच्चीवर खाटेवर चादर अंथरून आडवं पसरलं, बाह्या दोन्ही बाजूंना, माणूस झोपल्यासारखं. दोन दिवस लागतात वाळायला.

दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, ठोकळ्यावरची.

“अगं, गच्चीवर बघ. मनी बसलीय तुझ्या कार्डिगनवर.”

मी जिन्याकडे धावले.

“उठवू नकोस गं,” काकू ओरडल्या. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”